यादीतल्या प्रत्येक नावाला किती घाबरावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : नवी मुंबईत कोपरखैरणे येथे राहणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. गाठीपुरती शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन पूर्ण झाले आहे. गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातील हार्मोनवर वाढणारी असल्यामुळे, तो परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज घेण्यास सांगितली आहे. घरात पती, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. उपचार संपल्यावर या भगिनींनी कर्करोगकारक पदार्थांच्या याद्या वाचायला घेतल्या आणि एकेक वस्तू घराबाहेर काढली : नॉनस्टिकचा तवा, प्लास्टिकचे डबे, टाल्कम पावडर, डिओडरंट, सोयाबीनच्या वड्या. भाजी त्या आता सेंद्रियच आणतात, आणि ती महाग पडत असल्यामुळे पूर्वीपेक्षा कमी आणतात. औद्योगिक पट्ट्यातून रात्री वास येतो म्हणून खिडक्या बंद असतात आणि सकाळचे फिरणेही बंद झाले आहे. वजन वाढले आहे. सासूबाईंच्या संध्याकाळच्या धूपावरून घरात वाद होतात. कार्यालयीन समारंभात एखादा ग्लास वाइन मात्र चालू आहे, कारण ती हृदयाला चांगली असते असे त्यांनी ऐकले आहे. किरणांच्या भीतीने या वर्षीची मॅमोग्राफी त्यांनी पुढे ढकलली आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात की, त्याच यादीत टॅमॉक्सिफेनचेही नाव सापडल्यापासून त्या ती गोळी एक दिवसाआड घेतात आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. पती म्हणतात, "हे सगळं डोक्यातून काढून टाक." त्यांचे प्रश्न दोन आहेत : ही सावधगिरी योग्य आहे की आपल्याला भीतीने पछाडले आहे, आणि येथील घर विकून चिपळूणजवळच्या सासरच्या गावी जावे का?

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी आणि घाईघाईने लिहिले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. टॅमॉक्सिफेन एक दिवसाआड घेत असल्याचे तुम्ही कोणालाही सांगितलेले नाही. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या गोळ्यांबद्दलचा निर्णय मी देऊ शकत नाही, परंतु एवढे मात्र आग्रहाने सांगते की, पुढच्या भेटीची वाट न पाहता याच आठवड्यात तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना फोन करा आणि किती महिने, किती गोळ्या चुकल्या हे जसे आहे तसे सांगा. ते रागावतील अशी भीती वाटत असेल, तर पतींना सोबत घ्या. गोळ्या चुकवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हे औषध अर्धवट सोडणाऱ्या स्त्रिया जगभर आहेत आणि कर्करोगतज्ज्ञांना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी स्वतःहून दुप्पट गोळ्या घेऊ नका.

टॅमॉक्सिफेनचे नाव त्या यादीत आहे, हे तुम्ही वाचले ते खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील लिऑन येथे आहे आणि तिने १९९६ साली हे औषध पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवू शकते याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात घातले. त्याचे कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे आहे. मात्र त्याच संस्थेने त्याच मूल्यमापनात असेही नोंदवले की, स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांमध्ये हे औषध दुसऱ्या स्तनातील कर्करोगाचा धोका निश्चितपणे कमी करते. याद्या एकमेकांना पाठवल्या जातात तेव्हा हे दुसरे वाक्य गळून पडते. २०११ साली वीस चाचण्यांमधील एकवीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह गाठ असलेल्या स्त्रियांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतले, तर पहिल्या पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होते आणि पंधरा वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. गर्भाशयाचा वाढीव धोका हा मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये दिसतो, आणि त्याची खूण सहसा लवकर मिळते : पाळी थांबल्यावर होणारा किंवा पाळीच्या मध्ये होणारा रक्तस्राव. तसे काही दिसले की लगेच दाखवायचे असते. अंगातून वाफा निघणे, झोप न लागणे हे त्रास गोळी चुकवण्याचे खरे कारण असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय असतात, आणि औषध बदलायचे की नाही हे त्यांना तुमची पाळी, हाडे आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका पाहून ठरवता येते.

हे इतक्या विस्ताराने लिहिले, कारण तुमच्या सगळ्या कोंडीचे मूळ मला इथे दिसते. तुम्ही यादीतील प्रत्येक नावाला सारखेच घाबरलात. त्या याद्या कशा तयार होतात हे समजून घेतले, तर यातील निम्मे ओझे उतरेल असे मला वाटते. ती संस्था पदार्थांचे गट पाडते ते पुरावा किती पक्का आहे यावरून. धोका किती मोठा आहे हे त्या गटांवरून कळत नाही. न्यायालयात चोरी सिद्ध झाली एवढेच ऐकले, तर चोरी पाच रुपयांची होती की पाच लाखांची हे आपल्याला समजत नाही, तसेच हे आहे. म्हणून तंबाखू, मद्य, सूर्याचे किरण, बाहेरील हवेचे प्रदूषण, सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस आणि तुमची गोळी हे सगळे एकाच पहिल्या गटात बसतात. त्याखालच्या '२ अ', म्हणजे 'बहुधा कर्करोगकारक' गटात तांबडे मांस, रात्रपाळीचे काम आणि पासष्ट अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेये आहेत. '२ ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात मोबाइलच्या रेडिओलहरी आहेत, २०२३ पासून ॲस्पार्टेम हे कृत्रिम गोडीचे रसायन आहे आणि कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. नावे वरखालीही होतात. कॉफी अनेक वर्षे '२ ब' मध्ये होती आणि २०१६ साली ती तिथून काढण्यात आली.

आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे कोणत्या अवयवाचा कर्करोग. उकळत्या चहाचा संबंध अन्ननलिकेशी आहे. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील विषाचा संबंध यकृताशी आहे, म्हणून कडवट किंवा काळपट शेंगदाणे कूट करताना निवडून टाकावेत, आणि हे प्रत्येक घरात व्हावे. टाल्कबद्दलची शंका प्रामुख्याने बीजाशयाच्या कर्करोगाबद्दल आहे. या सगळ्यांना एका पिशवीत भरून 'माझा आजार उलटवणाऱ्या वस्तू' अशी चिठ्ठी लावणे हा स्वतःवर केलेला अन्याय आहे.

तरीही तुमचे पती म्हणतात तसे 'डोक्यातून काढून टाका' असे मी म्हणणार नाही. तुमच्या संशयाला इतिहासाचा आधार आहे. रजोनिवृत्तीनंतर दिली जाणारी संयुक्त हार्मोन उपचारपद्धती पाश्चात्त्य देशांत लाखो स्त्रियांना सुरक्षित, किंबहुना हितकारक म्हणून वर्षानुवर्षे दिली गेली. २००२ साली अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण त्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढताना दिसला. त्यानंतर गोळ्यांचा वापर झपाट्याने घटला आणि लगोलग तेथील नव्या रुग्णांचे प्रमाणही खाली आले. त्याआधी, गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांना दिलेल्या डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल या औषधाचे दुष्परिणाम त्यांच्या मुलींमध्ये उघडकीस आले ते १९७१ साली, म्हणजे वापर सुरू झाल्यानंतर तीसेक वर्षांनी. पुरावा यायला वेळ लागतो आणि त्या मधल्या काळात माणसांना जगायचे असते. पूर्ण पुरावा हाती नसताना एखादी वस्तू टाळण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी घरात कोणाकडे परवानगी मागण्याची किंवा खुलासा देण्याची गरज नाही. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. तुमची सगळी शक्ती कमी पुराव्याच्या वस्तूंवर गेली आणि ज्या गोष्टींना भक्कम पुरावा आहे त्या मागे पडल्या : गोळी, तपासणी, चालणे, वजन, मद्य.

तुमच्या पत्रात एक वाक्य असे आहे की, 'मी काय चुकीचे केले ते शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही.' ताई, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळणार नाही, आणि ते तुम्ही कमी वाचता म्हणून नव्हे. लाखो स्त्रियांच्या समूहात मद्यामुळे धोका किती वाढतो हे मोजता येते. एका स्त्रीच्या एका गाठीकडे बोट दाखवून ती अमुक एका कारणाने झाली असे सांगण्याची सोय आज कोणाकडेही नाही. वय, पाळी सुरू होण्याचे आणि थांबण्याचे वय, बाळंतपणे, आनुवंशिकता, शरीरातील चरबी आणि पेशींच्या विभाजनात निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चुका अशी अनेक कारणे एकत्र येतात. तुम्ही वापरलेल्या डिओडरंटने तुम्हाला हा आजार दिला असे मानायला आधार नाही. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन (सौंदर्यप्रसाधने टिकावीत म्हणून घातली जाणारी रसायने) सापडल्याची बातमी फार गाजली. तो अवघ्या वीस नमुन्यांचा अभ्यास होता आणि त्यात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती. त्याआधी २००२ साली अमेरिकेत शेकडो रुग्ण व निरोगी स्त्रियांची तुलना झाली होती, तीत डिओडरंटचा संबंध आढळला नव्हता. डिओडरंट नकोसे वाटत असेल तर जरूर वापरू नका, त्यावाचून काही अडत नाही; पण पूर्वी वापरले म्हणून स्वतःला दोषी धरू नका.

शिवाय, आजार ज्या कारणाने झाला त्याच कारणाने तो उलटतो, हे तुम्ही गृहीत धरले आहे. तसे असेलच असे नाही. आजार उलटणे हे मुख्यतः गाठीचा प्रकार, तिचा टप्पा आणि उपचार पूर्ण झाले की नाही यांवर अवलंबून असते. तुमच्या हातात जे आहे त्यात पहिला क्रमांक उपचार पूर्ण करण्याचा, आणि दुसरा वजन व हालचालीचा. रजोनिवृत्तीनंतर बीजाशयातून इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनणे थांबते, परंतु शरीरातील चरबी ते थोडेथोडे बनवतच राहते, आणि तुमच्यासारख्या हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. नियमित चालणाऱ्या रुग्णांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू कमी असल्याचे मोठ्या पाहणींत दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. तुम्ही कर्करोगाच्या भीतीने हेच बंद केले आहे, याचे मला फार वाईट वाटले.

वाइनबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे संशयाला जागा नाही. मद्य स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. रोजच्या साधारण दहा ग्रॅम अल्कोहोलमागे, म्हणजे लहानशा एका ग्लासमागे, हा धोका सुमारे सात ते दहा टक्क्यांनी वाढतो असे अनेक अभ्यास सांगतात, आणि वाइन त्याला अपवाद नाही. आजार उलटण्याशी मद्याचा संबंध इतका स्पष्ट नाही, पण दुसऱ्या स्तनाचा विचार केला तरी ते सोडणे शहाणपणाचे आहे. समारंभात क्वचित घेतलेल्या ग्लासाने आभाळ कोसळत नाही. मात्र नॉनस्टिकचा तवा टाकून देणाऱ्या घरात वाइन चालू राहावी, हे पुराव्याच्या नेमके उलट आहे.

मॅमोग्राफी पुढे ढकलू नका. एका तपासणीत मिळणारी किरणांची मात्रा सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट असते. जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे ही तपासणी साधारण दोन महिने नुसते जगण्याएवढी आहे, आणि तिने काही आढळलेच तर ते लहान असताना आढळते.

आता घरातील वस्तूंकडे येते. एखादी वस्तू टाळावी की नाही हे ठरवताना मी स्वतः तीन गोष्टी विचारते : पुरावा किती आहे, ती वस्तू रोज किती प्रमाणात माझ्या शरीरात जाते, आणि ती सोडण्यासाठी मला, माझ्या खिशाला व माझ्या माणसांना काय मोजावे लागेल. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि घरे त्यावरूनच भांडतात. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात न ओतणे, मायक्रोवेव्हमध्ये काचेचे भांडे ठेवणे, डब्यासाठी स्टील वापरणे याला फारसे काहीच मोजावे लागत नाही, आणि प्लास्टिकमधील बिस्फेनॉलसारखी रसायने शरीरातील हार्मोनसारखी वागू शकतात हे माहीत असताना ही सवय चांगलीच आहे. नॉनस्टिकचे आवरण सुमारे २६० अंशांच्या पुढे बिघडू लागते. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला की तेवढे तापमान लवकर गाठले जाते. तुम्ही बिडाचा तवा घेतला असेल तर उत्तम, त्यावर घावनेही छान सुटतात. पण माहेरी कोणी नॉनस्टिकवर डोसा करून वाढला तर तो निश्चिंतपणे खा.

सेंद्रिय भाजीबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. महाग म्हणून घरात भाजी कमी येऊ लागली असेल, तर त्या सावधगिरीने नुकसानच केले. वाशीच्या घाऊक बाजारातून येणारी साधी पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुऊन, फळभाज्यांची साले आवश्यक तिथे काढून, भरपूर खा. ज्या महिन्यात परवडेल त्या महिन्यात सेंद्रिय आणा, नाही परवडले तर मनाला लावून घेऊ नका. सोयाबीनच्या वड्याही परत आणायला हरकत नाही. सोयाबीनमधील इस्ट्रोजेनसदृश घटकांमुळे ही भीती पसरली, परंतु २००९ साली शांघायमधील हजारो रुग्णांच्या पाहणीत जेवणातून सोया खाणाऱ्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण अधिक नव्हे, कमी आढळले. हे जेवणातील सोयाबद्दल आहे. सोयाच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. अर्क आणि कॅप्सूल यांबाबत मात्र तुम्ही जितक्या सावध राहाल तितके चांगले. फोडणीतील हळद खुशाल वापरा. हळदीच्या अर्काची, मिरीच्या अर्कासह येणारी कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचे रक्तातील कार्यकारी रूप कमी करू शकते. 'बायकांच्या तक्रारींवर' म्हणून विकली जाणारी चूर्णे, पाळीच्या गोळ्या, झोपेची किंवा नैराश्याची औषधे यांपैकी काहीही ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरील औषधे टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना तुमच्या गोळीची माहिती नसेल तर ती नकळत लिहून दिली जाऊ शकतात.

सासूबाईंच्या धूपाचा प्रश्न नाजूक आहे. बंद खोलीतील धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांच्या धुरात सूक्ष्म कण भरपूर असतात. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण पंच्याहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींएवढे भरले होते. याचा संबंध मुख्यतः फुप्फुसांशी आहे, पण घरात तेरा वर्षांची मुलगी आहे आणि सासूबाईंची स्वतःची फुप्फुसेही आहेत. म्हणून 'तुमच्या धूपाने माझा कॅन्सर परत येईल' असे त्यांना म्हणू नका. ते खरेही नाही आणि त्या वाक्याने त्यांच्या मनावर आयुष्यभराचा ओरखडा उठेल. 'आई, धुराने आपल्या सगळ्यांनाच त्रास होतो, संध्याकाळी निरांजन लावू आणि धूप सणावारी खिडकी उघडी ठेवून घालू' असे म्हटले, तर बहुतेक सासूबाई ऐकतात. कॉइल बंद करायची, तर खिडक्यांना जाळ्या आणि रात्री मच्छरदाणी आधी लावा. कॉइल टाळून डेंग्यू ओढवून घेणे परवडणारे नाही.

हवेचा प्रश्न मात्र तुमच्या स्वयंपाकघरात सुटणारा नाही, आणि तो एकट्या तुमचा म्हणून मी स्वीकारणारही नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या वासाबद्दल कोपरखैरणे, वाशी, घणसोली इथले रहिवासी अनेक वर्षे तक्रारी करत आले आहेत. बाहेरील हवेचे प्रदूषण पहिल्या गटात आले ते २०१३ साली, प्रामुख्याने फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. स्तनाबाबत संशोधन चालू आहे. रात्री वास आला की तारीख, वेळ आणि वासाचे स्वरूप एका वहीत लिहा, सोसायटीतील चार घरांना तसेच लिहायला सांगा, आणि ती नोंद सोसायटीच्या सहीशिक्क्यासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नवी मुंबईतील कार्यालयाला द्या. एकटीच्या काळजीपेक्षा अशा नोंदीला वजन असते, आणि माझ्या मते हाच तुमच्या सावधगिरीचा सर्वांत उपयोगी वापर ठरेल. तोवर फिरणे सोडू नका, वेळ बदला. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत दबून राहतो आणि पहाटे प्रदूषण साचलेले असते, त्यामुळे ऊन वर आल्यावर निघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर या ॲपवर हवेचा निर्देशांक पाहा. तो फार वाईट असेल त्या दिवशी घरातच चाला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने चालण्याऐवजी वाशीच्या मिनी सीशोअरकडे किंवा जवळच्या उद्यानात जा. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, तेव्हा छत्री घेऊन मनसोक्त चाला.

मुलीबद्दल तुम्ही फारसे लिहिले नाही, पण मला वाटते की तुमची सावधगिरी तुमच्यापेक्षा तिच्या अधिक कामाची आहे. हिरोशिमा आणि नागासाकीतील स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत असे दिसले की, किरणांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका लहानपणी व तरुणपणी किरण लागलेल्यांमध्ये सर्वाधिक होता, चाळिशीनंतर लागलेल्यांमध्ये तो बराच कमी होता. कॅलिफोर्नियातील अभ्यासात डीडीटी या कीटकनाशकाबाबतही लहान वयातील संपर्कच महत्त्वाचा आढळला. स्तनाची ऊती घडत असताना ती अधिक हळवी असते. याचा अर्थ तिला भीती शिकवायची असा नाही. तिचा खेळ चालू राहावा, विनाकारण सीटी स्कॅन होऊ नयेत, घरात धूर कमी असावा, मोठेपणी सिगारेट आणि मद्य यांपासून ती लांब राहावी, एवढे पुष्कळ आहे. तुमचे निदान पंचेचाळिसाव्या वर्षी झाले, म्हणजे पन्नाशीच्या आत. अशा वेळी आनुवंशिक तपासणीचा विचार करतात. ती झाली नसेल, तर ऑन्कोलॉजिस्टना विचारा. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या उपचार व संशोधन केंद्रात आनुवंशिक कर्करोगाच्या समुपदेशनाची सोय आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण पाच ते दहा टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात, तेव्हा उत्तर 'नाही' येण्याची शक्यताच जास्त आहे, आणि 'होय' आले तर मुलीसाठी पुढची आखणी वेळेवर करता येईल.

भीतीने पछाडले आहे का, असे तुम्ही विचारता. आजार उलटण्याची भीती बहुतेक सगळ्या रुग्णांना असते आणि तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते; त्यात विकृत काहीच नाही. पण रात्री दोन वाजता याद्या वाचल्या जात असतील, दुसऱ्याच्या घरी जेवणे बंद झाले असेल आणि उपचारच चुकू लागले असतील, तर त्या भीतीला मदतीची गरज आहे. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी समुपदेशक असतात. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. एक नियमही करून पाहा : एखाद्या वस्तूचा निर्णय एकदा घेतला की सहा महिने तो पुन्हा उकरायचा नाही, आणि नवीन बातमी आली तर ती वहीत टिपून पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायची. पतींना या वेळी आत घेऊन जा. ते 'डोक्यातून काढून टाक' म्हणतात त्यामागे त्यांचीही भीती असावी असा माझा अंदाज आहे, आणि तुम्ही गोळ्या चुकवत आहात हे त्यांना माहीतच नाही.

राहिला गावाचा प्रश्न. चिपळूणजवळ हवा चांगली मिळेल, पण सगळेच चांगले मिळेल असे नाही. तुमच्या त्या घरात चूल पेटत असेल, तर लाकडाच्या धुराचा कर्करोगाशी असलेला संबंधही '२ अ' गटात नोंदलेला आहे. आंब्याच्या बागा जवळ असतील, तर मोहोराच्या दिवसांत तिथे फवारणी होते. तुमची नोकरी, मुलीची शाळा आणि तुमचे कर्करोगतज्ज्ञ इथे आहेत. मॅमोग्राफीसाठी आणि काही दुखले-खुपले तर याच डॉक्टरांकडे यायचे म्हटले, की दर वेळी कित्येक तासांचा प्रवास करावा लागेल, आणि प्रवास लांबला की तपासण्या टळतात. उपचारांची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत घर विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात आणि गणपतीत मुलीला घेऊन तिथे मोकळेपणाने राहा, गोळ्यांची पाकिटे पुरेशी सोबत न्या, आणि पुढेमागे खरोखरच जायचे ठरले, तर घराचे गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी तिथून सर्वांत जवळचे ऑन्कोलॉजिस्ट कुठे बसतात आणि मॅमोग्राफी कुठे होते याची चौकशी करा.